आधी मोजा, मग वाजवा : दोन मेंदूंची लय जुळवणाऱ्या फीडबॅकचा प्रयोग कसा करायचा

प्रोजेक्टचे दिवस आले की विद्यार्थ्यांचे ठरलेले फोन सुरू होतात. "सर, दोघांच्या ब्रेनवेव्ह सिंक झाल्या की दिवा उजळतो. डेमो मस्त चालतोय. आता रिपोर्टमध्ये काय लिहू?" मी उलट विचारतो, "पहिल्या जोडीतला एक आणि तिसऱ्या जोडीतला एक असा डेटा एकत्र घालून बघितलास का?" बघितलेलं नसतं. बघितल्यावर बहुतेकांचा दिवा तेव्हाही उजळतो. ती दोघं एकमेकांना भेटलेलीसुद्धा नसतात.

गोची इथेच आहे. वारीत एकाच टाळावर चालणाऱ्या दोन अनोळखी वारकऱ्यांची पावलं जुळतात, पण ती टाळामुळे. त्या दोघांचं एकमेकांकडे लक्षही नसेल. दोन मेंदूंचंही तसंच आहे. एकच आवाज, एकच प्रकाश दोघांपर्यंत पोचला की दोन्हीकडच्या लहरी त्याच्या मागे जातात. आणि आपल्या प्रयोगात फीडबॅक, म्हणजे लहरी जुळल्या की दोघांना मिळणारा सूर किंवा प्रकाश, हाच एक टाळ असतो! मेंदू जुळले म्हणून सूर वाजला की सूर वाजला म्हणून मेंदू जुळले, हे वेगळं करता आलं नाही तर हातात फक्त रंगीत डेमो उरतो.

म्हणून सगळ्या कामाचा क्रमच बदलायचा. दिवे आणि आवाज शेवटी. खालचे टप्पे दोन माणसं, दोन ईईजी हेडसेट (डोक्यावरून मेंदूच्या विजेच्या लहरी टिपणारे) आणि एक लॅपटॉप एवढ्या सामानासाठी लिहिले आहेत.

टप्पा १ : कागदावरचं काम

हेडसेटच्या खोक्याला हात लावण्याआधी तीन गोष्टी लिहून, तारीख घालून ठेवा : कोणता पट्टा (म्हणजे सेकंदाला किती फेरे घेणाऱ्या लहरी), डोक्यावरची कोणती जागा, कोणतं माप. उदाहरणार्थ, अल्फा पट्टा (८ ते १२ हर्ट्झ), दोघांच्याही डोक्याची मागची-उजवी बाजू, आणि फेज लॉकिंग व्हॅल्यू, म्हणजे पीएलव्ही. फेज म्हणजे लहर आपल्या फेऱ्यात कुठे आहे ते; दोघांच्या फेजमधला फरक किती स्थिर राहतो ते पीएलव्ही सांगतो.

"आधी सगळं रेकॉर्ड करू, मग कुठे काही दिसतंय ते बघू" असं म्हणालात तर काय होतं ते मोजून बघा. चौदा चॅनेलचे, म्हणजे डोक्यावरच्या चौदा जागा मोजणारे, दोन हेडसेट घेतले तर १४ गुणिले १४, म्हणजे १९६ जोड्या. चार पट्टे धरले की ७८४ तुलना. पाच टक्क्यांच्या निकषावर त्यातल्या ३९-४० निव्वळ योगायोगाने "सिग्निफिकंट" निघतील. त्यातली सर्वांत देखणी निवडून पोस्टरवर लावली की बक्षीसही मिळतं, हे मी पाहिलंय.

दुसरं म्हणजे मोजायचं एकक जोडी आहे, माणूस नव्हे. वीस जण बसवले तर तुमच्याकडे दहा नोंदी आहेत, वीस नाहीत.

परवानगीही याच टप्प्यात. संस्थेच्या एथिक्स कमिटीकडे अर्ज करताना आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं समोर ठेवा. संमतीपत्र सहभागी लोकांना समजेल अशा भाषेत, म्हणजे बहुधा मराठीत हवं.

इशारा : फिट येण्याचा इतिहास असलेल्या व्यक्तीला प्रयोगात घेऊ नका. तुमचा दिवा लुकलुकणारा नसला तरीही.

टप्पा २ : दोन घड्याळं

प्रत्येक हेडसेटचं घड्याळ स्वतंत्र असतं आणि ब्लूटूथ आपल्या मर्जीने पाकिटं पोचवतं. अल्फा लहर दर सेकंदाला साधारण दहा वेळा वर-खाली होते, म्हणजे एक फेरा १०० मिलिसेकंदांचा. ५० मिलिसेकंदांची गफलत झाली की शिखराच्या जागी दरी येते.

इथे एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. गफलत कायम तेवढीच राहिली तर पीएलव्हीचं बिघडत नाही, कारण ते माप फेजमधला फरक किती स्थिर आहे एवढंच बघतं. बिघडतं ते गफलत क्षणाक्षणाला बदलली की, म्हणजे पाकिटं गळणं, उशिरा येणं, मग एकदम चार येणं. याउलट इमॅजिनरी कोहेरन्स वापरणार असाल तर कायम राहणारी गफलतही महागात पडते. हे माप दोघांना एकाच क्षणी मिळालेल्या सिग्नलला, उदाहरणार्थ वायरिंगच्या गोंगाटाला, मोजणीतून वगळतं. घड्याळांनी तोच सिग्नल २० मिलिसेकंद पुढे-मागे केला की तो चाळणीतून आत शिरतो.

दोन्ही हेडसेटचे प्रवाह लॅब स्ट्रीमिंग लेअरमधून एकाच फाइलमध्ये घ्या. सॉफ्टवेअर फुकट आहे आणि वेळेच्या दुरुस्तीची सोय त्यात आहे. तरी नुसता विश्वास ठेवू नका.

तपासणी : दोन्ही हेडसेट एकाच टेबलावर ठेवा, रेकॉर्डिंग चालू करा आणि टेबलावर मूठ आपटा. हेडसेटमध्ये ॲक्सेलरोमीटर (हालचाल टिपणारा सेन्सर) असेल तर दोन्ही आलेखांत तो दणका दिसेल. दोन दणक्यांतलं अंतर लिहून घ्या. चाळीस मिनिटं तसंच चालू द्या आणि पुन्हा आपटा. घड्याळांत सेकंदाला फक्त २० मायक्रोसेकंदांचा फरक असला तरी चाळीस मिनिटांत ४८ मिलिसेकंद जमा होतात. अंतर वाढलेलं दिसलं तर दुरुस्ती चालू नाही. पुढे जाऊ नका.

टप्पा ३ : डोकं

खरं सांगायचं तर निम्मे प्रयोग इथेच हरतात आणि कारण खोबरेल तेल असतं. सहभागी लोकांना आदल्या दिवशी मेसेज करा : रात्री शॅम्पूने केस धुवा, सकाळी तेल नको, जेल नको, कंडिशनर नको. मेसेज मिळूनही दहातले दोघे तेल लावून येतात, कारण आई सोडत नाही. अशा वेळी स्पिरिटच्या बोळ्याने भांग पुसून बघतो, पण खरा उपाय दुसऱ्या दिवशी बोलावण्याचाच आहे.

कपाळावर बसणारा पट्टीसारखा हेडसेट वापरत असाल (म्यूजसारखा), तर टिकली काढायला सांगा. त्याचा रेफरन्स सेन्सर, ज्याच्या तुलनेत बाकीचे मोजतात तो, बरोबर कपाळाच्या मध्यभागी असतो. रेफरन्सच टिकलीवर बसला तर चारही चॅनेल एकदम बिघडतात आणि तुम्ही तासभर ब्लूटूथला शिव्या घालत बसता. पावडर, सनस्क्रीनही पुसून घ्या.

जेलचे इलेक्ट्रोड असतील तर इम्पिडन्स (त्वचा आणि सेन्सरमधला विजेचा अडथळा) १० किलोओहमच्या खाली आणा. मिठाच्या पाण्यातले फेल्ट पॅड असतील तर ते वाळत जातात, विशेषतः उन्हाळ्यात, त्यामुळे सत्राच्या मध्यात एकदा थेंब-थेंब पाणी द्यावं लागतं. कोरडे सेन्सर असतील तर घाई करू नका. लावल्यावर पाचेक मिनिटं नुसतं बसू द्या, त्वचेला किंचित घाम सुटला की संपर्क सुधारतो.

तपासणी : प्रत्येकाला तीस सेकंद डोळे मिटायला सांगा. डोक्याच्या मागच्या भागात, दहा हर्ट्झच्या आसपास, लहरींच्या ताकदीच्या आलेखात अल्फाची टेकडी वर आली पाहिजे आणि डोळे उघडताच बसली पाहिजे. ज्याच्या डोक्यात ती दिसत नाही त्याच्यावर अल्फाच्या सिंकचा प्रयोग करण्यात अर्थ नाही. काही निरोगी माणसांमध्ये ती मुळातच फिकी असते. ते नोंदवून ठेवा आणि त्यांच्याशी सौजन्याने चहा घ्या.

टप्पा ४ : खोली

लॅपटॉप चार्जरवरून काढा आणि बॅटरीवर चालवा. मोबाइल खोलीबाहेर. जुनी ट्यूबलाइट बंद. पंखा डोक्यावर नको. त्याचं विजेचं वलय फारसं त्रास देत नाही, पण वाऱ्याने वायरी हलतात आणि त्या हलण्याचा सिग्नल मेंदूच्या सिग्नलपेक्षा मोठा असतो. पंखा बंद केला की घाम येतो, घामाने सिग्नल हळूहळू वाहवत जातो. म्हणून एप्रिल-मेमध्ये सकाळी आठची वेळ ठेवा किंवा एसीची खोली मिळवा.

दोघांना समोरासमोर, साधारण एक मीटरवर बसवा. खुर्च्या न हलणाऱ्या. चाकांच्या खुर्च्यांवर माणूस नकळत झुलतो.

टप्पा ५ : फीडबॅकशिवाय मोजणी

स्पीकर अजून जोडू नका. चार-पाच जोड्या घ्या आणि प्रत्येक जोडीकडून तीन गोष्टी रेकॉर्ड करा : पाठीला पाठ लावून तीन मिनिटं, समोरासमोर एकमेकांकडे बघत तीन मिनिटं, आणि आळीपाळीने बोलत तीन मिनिटं. डोळे उघडे.

आता पीएलव्ही काढा. पीएलव्ही शून्य ते एकच्या दरम्यान असतो, पण प्रत्यक्षात शून्य कधीच येत नाही. जितकी छोटी खिडकी, म्हणजे एका वेळी मोजायचा डेटाचा तुकडा, तितका तो आपोआप फुगतो. अल्फा पट्टा आणि एका सेकंदाची खिडकी घेतली तर एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले दोन सिग्नल ०.३-०.४ सहज दाखवतात. खात्री करायची तर संगणकात दोन यादृच्छिक गोंगाट तयार करा, तुमच्याच फिल्टरमधून काढा आणि बघा. हा आकडा भिंतीवर चिकटवा. तुमचा "शून्य" तो आहे.

खिडकी चार सेकंदांची ठेवा, अर्ध्या सेकंदाने पुढे सरकवत न्या. फिल्टरच्या टोकांशी फेज वेडीवाकडी होते, म्हणून खिडकीच्या दोन्ही कडा थोड्या टाकून द्या.

एवढं करूनही पीएलव्हीवर एकट्यावर भिस्त ठेवू नका. संशोधक एड्रियन बर्जेस यांनी २०१३ साली दाखवून दिलं की दोन मेंदूंच्या मोजणीत पीएलव्हीसारखी मापं नसलेले संबंध दाखवतात आणि सर्क्युलर कोरिलेशन (दोघांच्या फेज एकत्र बदलतात का ते बघणारं माप) त्यापेक्षा सावध निघतं. मी दोन्ही काढतो. फक्त पीएलव्हीत वाढ दिसली आणि दुसऱ्यात नाही, तर ती वाढ मी मोजत नाही.

चूक : दोघांची अल्फाची ताकद वाढली की सिग्नल स्वच्छ होतो आणि पीएलव्हीही चढतो. दोघंही कंटाळून पेंगले तरी "सिंक" वाढेल! प्रत्येक टप्प्यात अल्फाची ताकद वेगळी नोंदवा आणि ती बदलली नाही ना, ते बघा.

टप्पा ६ : आता सूर

मोजणी खोटं बोलत नाही अशी खात्री झाल्यावरच फीडबॅककडे या. नियम एकच : फीडबॅकला स्वतःची लय नसावी.

दिवा लुकलुकता ठेवू नका. दहा हर्ट्झने लुकलुकणारा दिवा बघणाऱ्या प्रत्येकाच्या मेंदूच्या मागच्या, दृष्टीच्या भागात दहा हर्ट्झची लहर उठवतो. मग दोघंच काय, अख्खा वर्ग सिंक दिसेल. फिटचा धोका आहे तो वेगळाच. दिव्याचा रंग सावकाश बदलू द्या, निळ्याकडून केशरीकडे.

आवाज घ्यायचा तर सलग सूर घ्या. कुणीतरी हौसेने तबल्याचा ठेका लावतो, तो आधी काढा. तंबोराही नको. आपल्याला तो सलग वाटतो, पण तारा छेडण्याला आवर्तन असतं. सूरपेटीसारखा एकसंध सूर, ज्याचा आवाज किंवा पट्टी सिंकबरोबर हळूच चढते-उतरते, तो सर्वांत बिनधोक. कंपन वापरायचं असेल तर मोटर मनगटावर बांधा, डोक्याजवळ नको. ती वायरीही हलवते आणि विजेचा गोंगाटही करते.

उंबरठा, म्हणजे ज्याच्या वर गेल्यावर सूर चढतो तो आकडा, प्रत्येक जोडीच्या स्वतःच्या समोरासमोरच्या नोंदीवरून ठरवा. त्यातल्या ६५ टक्के वेळा पीएलव्ही ज्या आकड्याच्या खाली राहिला, तो उंबरठा. म्हणजे सुरुवातीला साधारण एक तृतीयांश वेळ सूर चढेल. फार कमी चढला तर माणसं हिरमुसतात, सतत चढलेला राहिला तर त्यांना शिकण्यासारखं काही उरत नाही. सत्राच्या मध्यात उंबरठा आपोआप बदलणारं सेटिंग बंद ठेवा. ते चालू असेल तर जोडी सुधारली काय आणि बिघडली काय, सूर तेवढाच वाजतो.

आणि आता पापण्यांचा प्रश्न. सिग्नल १०० मायक्रोव्होल्टच्या पलीकडे गेला की समजा डोळा मिचकावला किंवा जबडा हलला. त्या क्षणी सूर आहे तिथेच गोठवा. शून्यावर आणू नका. शून्यावर आणलात तर तुम्ही त्यांना डोळे न मिचकावण्याचं प्रशिक्षण देताय.

हे मी स्वानुभवाने शिकलो. एका सत्रात दोन मैत्रिणी समोरासमोर बसल्या होत्या. चौथ्या मिनिटाला एकीला हसू फुटलं, दुसरीलाही. दोघींचे गाल, जबडा, मान एकदम हलली आणि सूर टिपेला गेला. सूर चढला म्हणून त्या आणखी हसल्या. पुढची सहा मिनिटं तो आलेख म्हणजे नुसतं डोंगररांगांचं चित्र होतं. माझ्या वहीत त्या दिवशी "उत्कृष्ट सिंक" असं लिहिलेलं आहे. स्नायू बघायचे हे मला दोन दिवसांनी सुचलं.

टप्पा ७ : खोटा सूर

हा टप्पा गाळला जातो, आणि याच्याशिवाय बाकी सगळं व्यर्थ आहे.

आधीच्या एखाद्या जोडीला जो सूर ऐकू आला त्याची नोंद तुमच्याकडे आहे. तीच या जोडीला वाजवा. आवाज तसाच, चढउतार तसेच, दोघांनाही एकाच वेळी. फक्त त्याचा यांच्या मेंदूशी संबंध नाही. खऱ्या सुरात सिंक वाढलं आणि खोट्या सुरातही तेवढंच वाढलं, तर वाढवणारा टाळ होता. खऱ्यात जास्त वाढलं तरच फीडबॅकबद्दल बोलता येईल. पहिल्या जोडीसाठी टप्पा ६ जमवताना घेतलेल्या चाचणीची नोंद वापरा.

कोणता सूर खरा, हे जोडीला कळता कामा नये आणि खोलीत बसलेल्या तुम्हालाही. तुमच्या चेहऱ्यावर दिसतं. तिसऱ्या मित्राकडे फाइलींची यादी द्या, त्याने "क" आणि "ख" अशी नावं घालावीत आणि यादी स्वतःकडे ठेवावी.

तपासणी : प्रत्येक फेरीनंतर दोघांना वेगवेगळं विचारा, "सूर तुमच्यामुळे बदलत होता असं वाटलं का?" खोटा सूर जवळपास सगळ्यांनी ओळखला असेल, तर मांडणी पुन्हा करा.

टप्पा ८ : प्रत्यक्ष सत्र

१. तयारी आणि सेन्सर, वीस मिनिटांपर्यंत.

२. टेबलावर मूठ, मग डोळे मिटण्याची चाचणी.

३. समोरासमोर तीन मिनिटं, सुराविना. यावरून उंबरठा.

४. चार-चार मिनिटांच्या सहा फेऱ्या : दोन खऱ्या सुराच्या, दोन खोट्या, दोन शांत. क्रम दर जोडीला चिठ्ठ्या टाकून. मध्ये एक मिनिट विश्रांती, डोकं न हलवता. पाणी नाही.

५. पुन्हा मूठ, पुन्हा डोळे मिटण्याची चाचणी. टेकडी गेली असेल तर सेन्सर मध्येच कधीतरी सुटला आहे.

सूचना कागदावरून वाचून दाखवा, सर्वांना शब्द तेच. "तुम्ही दोघं जुळलात की सूर वर जाईल. बोलू नका, हातवारे नकोत. सूर दोनेक सेकंद मागून येतो, त्यामुळे त्याच्यामागे धावू नका." शेवटचं वाक्य महत्त्वाचं. खिडकी चार सेकंदांची असल्यामुळे ऐकू येणारा सूर सरासरी दोन सेकंदांपूर्वीचा असतो. हे न सांगितल्यास लोक प्रत्येक चढाला प्रतिसाद देत सुटतात.

काही जोड्या न सांगताच श्वास जुळवतात. ते गैर नाही, पण लांब श्वासाबरोबर डोकंही हलतं. छातीला श्वासाचा पट्टा लावता आला तर लावा. नसेल तर व्हिडिओ घ्या आणि संमतीपत्रात त्याचा उल्लेख करा.

टप्पा ९ : घरी बसून हिशेब

प्रत्यक्ष वेळी वापरलेला आकडा निष्कर्षात वापरू नका. म्युच्युअल वेव्ह मशीन नावाच्या कलाकृतीत मेंदूशास्त्रज्ञ सुझॅन डिकर आणि कलाकार मॅथियास ओस्ट्रिक यांनी संग्रहालयांतल्या हजारो पाहुण्यांना जोडीने बसवून त्यांच्या लहरींचं साम्य प्रकाशात दाखवलं. पण २०२१ मध्ये निष्कर्ष छापताना त्यांनी ते जागेवरचे आकडे घेतले नाहीत. एकाच क्षणी येणाऱ्या गोंगाटाला सहसा न फसणारी मापं लावून सगळं पुन्हा काढलं. जागेवरचा आकडा दिव्यासाठी, नंतरचा आकडा लिहिण्यासाठी.

मग खोट्या जोड्या. बारा जोड्या असतील तर पहिल्या जोडीतल्या अ ला दुसऱ्यापासून बाराव्यापर्यंतच्या जोड्यांतल्या ब शी लावा, मग प्रत्येक अ चं असंच करा. अशा १३२ निघतात. खऱ्या जोड्या या गर्दीच्या वर दिसल्या पाहिजेत.

इथे हुशार विद्यार्थीही घसरतात. "खोट्या जोड्या केल्या, मग खोटा सूर कशाला?" असं विचारतात. दोन्ही वेगळ्या गोष्टी पकडतात. खोटी जोडी हे दाखवते की खोली, खुर्ची, कंटाळा, डोळे उघडे ठेवणं यांतून किती सिंक फुकट मिळतं. पण त्या दोघांनी वेगवेगळे सूर ऐकलेले असतात, म्हणून सुरामुळे येणारं सिंक तिथे दिसतच नाही. ते फक्त खोटा सूर पकडतो.

प्रत्येक जोडीचा खरा वजा खोटा असा एक आकडा काढा. बारा जोड्या, बारा आकडे. एवढ्यावरच चाचणी लावा आणि बाराही ठिपके आलेखात दाखवा.

टप्पा १० : जोडीला काय सांगायचं

काहीही नाही, किंवा जवळपास काहीही नाही. एका प्रदर्शनात आम्ही पडद्यावर टक्के दाखवत होतो. नुकताच साखरपुडा झालेली एक जोडी बसली आणि २३ टक्के आले. मुलगा हसला, मुलगी हसली नाही. तिच्या आधी बसलेल्या दोन अनोळखी मुलांना ६१ आले होते आणि तिने ते पाहिलं होतं. तिच्या उजव्या कानामागचा सेन्सर केसांवर टेकलेला होता, हे मला ती गेल्यावर दिसलं.

त्यानंतर प्रदर्शनात आम्ही जोडीचा आकडा लावतच नाही. एकेकाला बसवतो, डोळे मिटायला सांगतो आणि त्याचीच अल्फाची टेकडी पडद्यावर दाखवतो. लहान मुलं डोळे मिटतात आणि टेकडी आली का ते बघायला लगेच एक डोळा किलकिला करतात. तोवर ती गेलेली असते.